मन्मथ सरांचे कान

माझा आवाज मूळचाच मोठा. आमच्या लातूरच्या घरात सगळेच असे बोलतात. आई परसातून हाक मारायची ती चौकातल्या पानवाल्याला ऐकू जायची. त्यामुळे नांदेडच्या शाळेत बदलून आले त्या पहिल्या दिवशी स्टाफरूमच्या दारात उभं राहून मी शिपाईमामांना नेहमीच्या आवाजात विचारलं, की माझी खुर्ची कुठली. तर कोपऱ्यात बसलेला एक माणूस ताडकन उठून उभा राहिला. मांडीवरच्या वह्या खाली पडल्या, खडू घरंगळत कपाटाखाली गेला.

"चुकलं मॅडम, इथं बसलो मी. बसा तुम्ही," असं म्हणून त्यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

खुर्ची माझी नव्हतीच. ती त्यांची होती, कितीतरी वर्षांपासूनची. पण दिवसभर ते खिडकीच्या कट्ट्यावर बसले, आणि शाळा सुटल्यावर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात विचारलं, "मॅडम, रागावलात तर न्हाई ना?"

मी म्हटलं, आता मात्र रागावणार आहे, तुमची खुर्ची तुम्ही घ्या. बिचाऱ्यांचा चेहरा असा पडला, की मला दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी घरून धपाटे आणावे लागले.

हे आमचे मन्मथ सर. उदगीरकडचे, भूगोलाचे शिक्षक. कपाळावर भस्माची पुसट रेघ, इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. चालायचे ते पावलाचा आवाज होणार नाही असं. आपण काहीतरी तपासत बसावं, मान वर करावी, तर सर समोर. दोनतीनदा मीच दचकले, आणि मी दचकले म्हणून त्यांनी माझी माफी मागितली. माफी मागणं हा त्यांचा जोडधंदाच होता म्हणा ना. रस्त्यात दुसऱ्यानं त्यांच्या पायावर पाय दिला, तर हेच म्हणणार, "माझंच चुकलं, मधी आला पाय." फळ्यावर चुकीचं स्पेलिंग इंग्रजीच्या सरांनी लिहिलं असलं तरी मुख्याध्यापकांसमोर कावरेबावरे व्हायचे ते भूगोलाचे मन्मथ सर.

पण या माणसाकडे एक विद्या होती, आणि तिच्यावर आमची अख्खी शाळा चालायची. सकाळी मुख्याध्यापक देशपांडे सरांची मोटरसायकल फाटकातून आत आली, की स्टाफरूममध्ये सगळे गप्प व्हायचे आणि मन्मथ सरांकडे बघायचे. सर मान थोडी तिरकी करायचे. गाडी बंद झाली. स्टँड लागला. चार पावलं वाजली. किल्ल्यांचा जुडगा टेबलावर पडला. मग कुणीतरी विचारायचं, "सर, आज कसं हाय?"

"आज रजेचं काढू नका. सासुरवाडीचा फोन आलेला दिसतो."

किंवा, "आज मागून घ्या काय मागायचं ते. पण मधल्या सुट्टीच्या आत."

आणि ते खरं निघायचं. भूगोलाचा माणूस, त्यात हा हवामानाचा अंदाज, म्हणून आम्ही त्यांचं नाव 'वेधशाळा' ठेवलं होतं. त्यांच्या तोंडावर म्हणायचो. ते लाजून हसायचे. आपल्यामुळं कुणाचंतरी भलं होतंय याचंच त्यांना बरं वाटायचं. स्टँड कसा लावला यावरून माणसाचं पोट बिघडलंय की बायकोशी बिनसलंय हे सांगणारा दुसरा माणूस मी तरी बघितला नाही.

एकदाच वेधशाळा चुकली. पण चुकली ती अशी, की सगळी शाळा बुडाली. एका सोमवारी देशपांडे सरांच्या गाडीचा स्टँड धाडकन वाजला. मन्मथ सर पांढरे पडले. "आज कुणीच जाऊ नका आत," म्हणाले. मंगळवारी त्याहून मोठ्यानं. बुधवारी तर स्टँड वाजला तो आठवीच्या वर्गापर्यंत ऐकू गेला. मन्मथ सरांनी जेवणाचा डबा उघडला नाही. चित्रकलेच्या सरांना बहिणीच्या मुलीच्या लग्नाला जायचं होतं, ते रजेचा अर्ज खिशात घालून तीन दिवस फिरत होते. मुख्याध्यापकांच्या खोलीवरून जायचं झालं तर आम्ही बायका पदर सावरत मागच्या व्हरांड्यातून जायचो. शिपाईमामा चहा ठेवून उलट्या पावली बाहेर.

शनिवारी देशपांडे सर स्वतःच स्टाफरूमच्या दारात आले. हातात पेढ्यांचा पुडा. चेहरा रडवेला. म्हणाले, "नातू झाला हो मला. सोमवारपासून पेढे घेऊन बसलोय. एक माणूस फिरकंना माझ्याकडं. काय चुकलं माझं?"

त्यांच्या गाडीच्या स्टँडची स्प्रिंग तुटली होती. आनंदाच्या भरात दुरुस्त करायचं राहून गेलं होतं. पेढे वाळून कडक झाले होते, पण आम्ही ते सगळ्यांनी दोनदोन खाल्ले. चित्रकलेचे सर लग्नाला पोचले ते अक्षता पडून गेल्यावर. मी हसून हसून डोळे पुसत होते. मन्मथ सर तेवढे हसले नाहीत. पेढा हातात धरून ते कितीतरी वेळ म्हणत राहिले, "मी सांगितलं म्हणून झालं. माझ्या सांगण्यानं झालं." एवढ्याशा गोष्टीचं माणसानं इतकं मनाला लावून घ्यावं, याचं मला तेव्हा नवल वाटलं.

त्यांना भांडण सोसायचं नाही. वेळापत्रक लागलं की शेवटच्या तासावरून माझं आणि गणिताच्या बाईंचं दरवर्षी वाजायचं. आम्हाला त्यात मजा यायची, खरं सांगायचं तर. पण आमचा आवाज जरा चढला की मन्मथ सर चहा घेऊन मधे हजर. चहा नाही मिळाला तर पाणी. एकदा काहीच सापडलं नाही तेव्हा हातात डस्टर घेऊन आले आणि आम्हा दोघींकडे बघत उभे राहिले. त्यांचे ओठ थरथरत होते. गणिताच्या बाईंनी शेवटचा तास सोडून दिला, मीही सोडून दिला, आणि तो शेवटी मन्मथ सरांच्याच गळ्यात पडला.

घसा बसला म्हणून मी एक दिवस बोलले नाही, तर माझ्या टेबलावर खडीसाखर, मधल्या सुट्टीत सुंठ, आणि संध्याकाळी त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या वहिनींचा मला फोन, की हे विचारून राहिलेत, मॅडम आमच्यावर नाराज हायत का.

आणि मग त्यांचं पित्त. महिन्यातले काही दिवस सर यायचे तेच विझलेले. वर्गात जायचे, शिकवायचे, परत येऊन खिडकीकडे तोंड करून बसायचे. डबा तसाच. विचारलं तर, "काही न्हाई, पित्त उसळलं." कधी चारचार दिवस रजा. वहिनी सांगायच्या, की भिंतीकडं तोंड करून पडून राहतात. आम्ही सगळ्यांनी आपापले उपाय सांगून झाले. कुणी थंड दूध, कुणी आवळा, तर कुणी सकाळी उपाशीपोटी तूप. सरांनी कुणालाच नाही म्हटलं नाही. सगळं घेतलं, आणि मग खरोखरच पोट बिघडवून घेतलं.

हे सगळं असंच चाललं असतं, आणि मीही त्यांच्यावर हसत हसत निवृत्त झाले असते. पण त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू सरांच्या घरी तरोडा नाक्याला होतं आणि मी गेले होते. वहिनींनी तिळाच्या वड्या केल्या होत्या. बायकांनी खोली भरली होती. त्यांची मुलगी गिरिजा, तेव्हा सातवीत, दोन वेण्या, वाण वाटत फिरत होती. धाकटा भाऊ टीव्ही लावून बसलेला. माझा आवाज अर्थातच सगळ्यांच्या वर.

बाहेर स्कूटर येऊन थांबली. मला काही ते कळलं नाही, गिरिजाला कळलं. हातातलं तबक तिनं खाली ठेवलं आणि मान थोडी तिरकी केली. मग जाऊन टीव्ही बंद केला, भावाची खेळणी पायानं पलंगाखाली सारली, आणि माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "काकू, जरा हळू बोलता का? पप्पा आलेत. गाडी बंद केली, पण उतरले न्हाईत अजून. असं केलं की त्यांचं बरं नसतं."

शेजारच्या बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "अगं बाई, बापाचेच कान घेऊन आली की पोरगी."

सर दारात उभे होते. सगळं ऐकलं त्यांनी. बायकांना हात जोडले आणि आतल्या खोलीत गेले. गिरिजा पाण्याचा तांब्या घेऊन मागोमाग गेली. आधी ती उंबऱ्यावर थांबली, बापाच्या तोंडाकडं नीट बघितलं, आणि मगच आत पाऊल टाकलं. त्या वयाची पोरगी घरात धडाधडा पळते. मला ते बघून बरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देशपांडे सरांची गाडी आली, स्टँड लागला, किल्ल्या वाजल्या. कुणीतरी विचारलं, "सर, आज कसं हाय?" मन्मथ सर म्हणाले, "मला न्हाई माहीत." त्यानंतर कधीच सांगितलं नाही. वेधशाळा बंद पडली म्हणून आम्ही चारदोन दिवस चेष्टा केली, मग तीही बंद झाली.

मार्चमध्ये बोर्डाच्या कामाला आम्हा दोघांना लातूरला जायचं होतं. एसटीत शेजारी बसलो. लोहा गाव मागं पडेपर्यंत सर खिडकीबाहेर बघत होते. मग आपण होऊन बोलायला लागले. असं ते कधी बोलत नसत.

उदगीरच्या पुढं खेड्यात त्यांच्या वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक दार. दुकानाला शटर नव्हतं, जुन्या पद्धतीच्या लाकडी फळ्या होत्या. दिवेलागण झाली की वडील एकेक फळी खाचेत सरकवून दुकान बंद करायचे आणि मग मधल्या दारानं घरात यायचे. फळ्या हळू सरकल्या तर सगळं ठीक. आप्पा येणार, हातपाय धुणार, लिंगपूजा करणार, पोरांना पाढे विचारणार. फळ्या आपटायला लागल्या की मात्र घरात कुणाचं खरं नव्हतं. हातात येईल त्यानं मारायचे. बायकोला आधी, मग पोरांना. सहा वर्षांचा मन्मथ मधल्या दाराला कान लावून बसायचा. त्याचं कामच होतं ते. अव्वा, म्हणजे त्यांची आई, चुलीपुढून विचारायची, "कसं हाय रे आज?" हा सांगायचा, हळू हायत किंवा आपटून राहिलेत. आपटून राहिलेत म्हटलं की अव्वा धाकट्या बहिणीला कणगीमागं बसवायची, चुलीतली लाकडं ओढून घ्यायची, आणि हातातल्या बांगड्या वर सारून उभी राहायची.

स्टाफरूममध्ये आम्ही रोज सकाळी त्यांना तेच विचारत होतो.

"एकदा फळ्या हळू वाजल्या, मॅडम," सर म्हणाले. "मी अव्वाला सांगितलं, आज चांगलं हाय. ती बिनघोर बसली भाकरी थापत. त्या दिवशी तिचं मनगट मोडलं. मी सांगितलं म्हणून ती बसून राहिली."

मी माझ्या आवाजात म्हणाले, "अहो सर, सहा वर्षांचं लेकरू होतात तुम्ही." गाडीतली सगळी माणसं वळून बघायला लागली. कंडक्टरला वाटलं भांडण लागलं, तो उठून आला. सरांनी त्याची माफी मागितली.

त्यांच्या वडिलांना मी बघितलं होतं. एकदा शाळेत आले होते. पांढरंशुभ्र धोतर, तोंडात एक दात नाही, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. आम्हा सगळ्यांना एकेक गोळी दिली. किती गोड म्हातारा, असं आम्ही म्हटलं. मन्मथ सर त्या सगळ्या वेळात उभे होते, पंचेचाळिशीचा माणूस, पाढे म्हणायला उभं केल्यासारखे. आता एसटीत मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला, की ती गोळी खाल्ल्याचंही वाईट वाटलं.

अहमदपूरला गाडी थांबली. चहा घ्यायला कुणी उतरलं नाही आमच्यातलं. सर म्हणाले, "मी ठरवलं होतं, घरात हात उगारायचा न्हाई. आवाज चढवायचा न्हाई. कधी उगारला न्हाई, मॅडम. वहिनीला विचारा तुमच्या. तरी माझी पोरगी कान लावून बसती. मग मी काय केलं एवढं सगळं करून?"

मला त्या बसमध्ये एवढं कळलं, की या माणसाला स्वतःचं पित्त बरं झालं काय आणि नाही झालं काय, त्याची फिकीर नाही. त्याला आपली पोरगी त्या दारापासून उठवायची आहे.

लातूरला माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, मनाच्या आजाराच्या. माझ्या भावजयीला बाळंतपणानंतर त्यांनीच बरं केलं होतं. मी सरांना म्हटलं, तिथं चला. नाही म्हणायची सवय नसल्याचा हा एक फायदा. आले. पण दवाखान्यात बसल्याबसल्या त्यांचं जुनं काम चालू झालं. डॉक्टरीणबाई आतून घंटी वाजवून पुढच्या पेशंटला बोलवायच्या. सर मला म्हणतात, "घंटी तोडून वाजवून राहिल्यात. थकल्या असतील. आपण उद्या येऊ." मी त्यांना दंडाला धरून आत ढकललं.

बाहेर आले ते बऱ्याच वेळानं, डोळे लाल. चहाच्या टपरीवर बसून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की हे पित्त नाही. लहानपणी ज्या घरात भीती असते, तिथलं लेकरू राखण करायला बसतं. मोठं झाल्यावर त्याला कुणी सांगतच नाही, की आता ऊठ, झालं. मग ते चाळिशीतही राखण करतं. प्रत्येक आवाजाला दचकतं, दुसऱ्याच्या रागाला आपण जबाबदार समजतं, आणि राखण करून करून दमलं की भिंतीकडं तोंड करून पडतं. यात लाजण्यासारखं काही नाही, औषध आहे, बोलून बोलून कमी होणारंही आहे, पण वेळ लागेल. सरांनी हे सगळं मन लावून ऐकलं, आणि शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "मग तुपाचं बंद करू का?"

नांदेडला कुणी बघेल म्हणून ते दर महिन्याला लातूरलाच जायचे. आता लातूरला यांच्या सासुरवाडीचे अर्धे लोक. पहिल्याच खेपेला जिन्यात मेहुणा भेटला. कसं काय इकडं? शेजारी दातांचा दवाखाना होता. सर म्हणाले, दाताचं होतं जरा. मेहुणा मायाळू. दाजींना एकट्याला कसं जाऊ द्यायचं म्हणून हाताला धरून दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि समोर बसून राहिला. एकही दात किडलेला नसलेल्या आमच्या सरांनी सगळे दात घासून, तासून, चकाचक करून घेतले. सोमवारी शाळेत हसले तेव्हा आम्ही बघतच राहिलो.

फरक पडत होता, पण हळूहळू. वाईट दिवस यायचेच. फक्त आता ते पित्त म्हणत नसत. "आज माझं मन बरं न्हाई," असं सरळ सांगायचे. पहिल्यांदा असं म्हणाले तेव्हा पीटीच्या सरांनी काळजीनं विचारलं, की मन म्हणजे नेमकं कुठल्या बाजूला दुखतंय.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की हेच घरी सांगा. पोरीला तर आधी सांगा, साध्या शब्दांत. सरांना ते जमेना. म्हणून ऑफ तासाला ते माझ्यासमोर तालीम करायचे. मी गिरिजा व्हायचे. पहिल्या दिवशी सुरुवात केली, "बाळ, मानवी मनाचे अनेक स्तर असतात." मी म्हटलं, सर, धडा शिकवायचा नाहीये. दुसऱ्या दिवशी माफी मागायलाच सुरुवात केली, ती तास संपेपर्यंत. मी म्हटलं, माफीही नको, त्या लेकरानं काय करायचं तुमच्या माफीचं. शेवटी सगळं खरडून काढल्यावर एवढं उरलं: माझं मन कधी कधी आजारी पडतं, मी औषध घेतो, तुला काही करायचं नाही.

एका रविवारी त्यांनी ते सांगितलं. सोमवारी स्टाफरूममध्ये आले, आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तिनं ऐकून घेतलं. आणि मला विचारलं, म्हणजे मी काही केलं न्हाई ना?"

सर रडले. मीही रडले. गणिताच्या बाई काही न विचारता उठल्या, आणि आम्हा दोघांचे तास बघायला गेल्या.

पण एका वाक्यानं पोरीची सवय थोडीच सुटते. स्कूटर आली की तिची मान तिरकी व्हायचीच. मग सरांनी आपल्या डोक्यानं एक उपाय काढला, आणि तो असा होता, की गल्लीनं त्यांचं नाव घ्यावं. ज्या माणसाच्या पावलाचा आवाज कधी आम्ही ऐकला नाही, तो माणूस रोज संध्याकाळी फाटकातूनच ओरडायला लागला. "आज बरा हाय." किंवा, "आज बरा न्हाई, पण जेवणार हाय." किंवा, "आज देशपांडे सर बोलले, त्याचं वाईट वाटलं, घरचं काही न्हाई." म्हणजे आत कुणाला कान लावून ओळखत बसायला नको. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. समोरचे निवृत्त तलाठी व्हरांड्यात खुर्ची टाकून वाट बघायचे, आणि काल कसं काय झालं, जेवलात का, असं दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायचे. मी एकदा गेले होते तेव्हा मला म्हणाले, आमच्या घरी रेडिओ लावायची गरज पडत नाही. सर लाजायचे, पण ओरडायचे थांबले नाहीत. पोरीसाठी हा भित्रा माणूस भर गल्लीत ओरडत होता. मला त्यांचा अभिमान वाटायचा, आणि हसूही यायचं.

मी निवृत्त होऊन लातूरला परत आले, आणि रोजचं भेटणं संपलं. गिरिजा दहावी झाल्याचं, चांगले गुण पडल्याचं फोनवर कळलं. आता सगळ्या मराठवाड्याची पोरं अकरावीला लातूरलाच येतात, तशी तीही येणार होती.

ते मला शेवटचे दिसले ते लातूरच्या शिकवणी वर्गांच्या भागात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाद्या, बादल्या, टेबलं मांडलेली. आईबाप घामाघूम. मी भाजी घेऊन चालले होते, तर एका वसतिगृहाच्या दारात गर्दीत मन्मथ सर. केस पांढरे झालेले, शर्टाचं वरचं बटण तसंच लावलेलं, एका हातात निळी बादली, दुसऱ्या हातात गुंडाळलेली गादी. समोर गिरिजा. उंच झाली होती, वेण्या गेल्या होत्या. आणि ती बापावर तोंड सोडून भांडत होती. आवाज असा, की माझ्या आईची आठवण व्हावी.

झालं होतं असं, की तिला मैत्रिणीसोबत तिसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली होती. सरांनी जिना बघितला, कठडा बघितला, आणि तिला न विचारता वसतिगृहाच्या बाईंना सांगून तळमजल्यावरची खोली घेऊन टाकली.

"मला विचारलं का तुम्ही? भीती तुम्हाला वाटती आणि खोली माझी बदलता. मला वरचीच पाहिजे. तुम्हीच जाऊन सांगा त्या बाईंना, आत्ता."

चारपाच आईबाप थांबून बघत होते. गादीवाल्यानं गादी मोजायची थांबवली. मला सरांची काळजी वाटली. इतक्या लोकांत, इतक्या मोठ्या आवाजात. डस्टर घेऊन थरथरणारा माणूस तो. मी भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पुढं झाले.

सरांनी मला बघितलं. बादलीचा हात जरा वर केला आणि मला खुणेनं सांगितलं, थांबा. बोलू द्या तिला. त्यांचे डोळे भरले होते, पण घाबरलेले नव्हते. मी थांबले.

गिरिजा बोलतच होती. खोलीबद्दल, मैत्रिणीबद्दल, आणलेली बादली फार मोठी असल्याबद्दल. बोलता बोलता ती पिशवीतले कपडे वरखाली करत होती, कुलपाची किल्ली शोधत होती, मैत्रिणीला हाक मारत होती, आणि एवढ्या वेळात तिनं एकदाही बापाच्या तोंडाकडं बघितलं नाही.